आजीबाईंनी विचारलं, "मग ती वही कुठंय?" : मुलांचे खाण्यावरचे प्रकल्प आणि नंतरचं काय

अक्षरवेल
मी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या वर्षी वर्गातल्या चोवीस मुलांनी आपापल्या परिसरातल्या खाण्यावर प्रकल्प केला. चार-चार जणांचे सहा गट होते. प्रत्येक गटाने वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे जायचं, त्यांच्या लहानपणी घरात काय शिजायचं, ते कुठून यायचं, कोण रांधायचं, कोण शेवटी जेवायचं हे विचारायचं, एक पदार्थ शिकायचा आणि लिहून आणायचा. मग फलक, सादरीकरण, गुण. सगळं वेळेत झालं, पाहुण्यांनीही कौतुक केलं.

दोन महिन्यांनी त्यातल्या एका आजीबाईंची रस्त्यात गाठ पडली. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "पोरं बरी आहेत ना? मग ती वही कुठंय?" बाईंनी चार दुपारी दिल्या होत्या. गुडघे दुखत असताना उभं राहून करून दाखवलं होतं. वही माझ्या कपाटात होती, तपासलेली, लाल शाईच्या खुणांसकट. मुलं परत कधी तिकडे फिरकली नव्हती आणि मीही त्यांना पाठवलं नव्हतं. मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं.

याच गटातलं आणखी एक सांगते, कारण प्रकल्पात जे खरं घडलं ते मला तिथे दिसतं. आजीबाई प्रत्येक प्रमाणाला "अंदाजाने" म्हणायच्या. गटातल्या एका मुलीने घरून वजनकाटा नेला. ही मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नसे. पातेलं काट्यावर ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, आजीबाईंनी पिठाची मूठ टाकली की वाचून लिहायचं. असं तीन वेगवेगळ्या दिवशी केलं. मूठ दरवेळी तीच निघाली, फरक चार-पाच ग्रॅमचा. ते आकडे ऐकल्यावर आजीबाई थोडा वेळ स्वतःच्या तळहाताकडेच पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हात अजून चुकत नाही." हे सगळं ती मुलगी वर्गात उभी राहून सलग दहा मिनिटं सांगत होती. तिला असं बोलताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

(पदार्थाचं नाव मुद्दाम देत नाही. आजीबाईंनी परवानगी वर्गापुरती दिली होती.)

पुढच्या महिन्यात नवी तुकडी हाच प्रकल्प करणार आहे. मला तीन गोष्टींवर तुमचं मत हवं आहे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे परत काय आणि कसं न्यावं? घरचं खाणं सांगताना ज्या मुलांना संकोच वाटतो त्यांचं काय? आणि संस्थेला "मुलांच्या मनःस्वास्थ्यावर झालेला परिणाम" आकड्यांत हवा आहे, तो द्यावा का, आणि कसा?

डोंगरवाट
अक्षरवेल, वहीचा प्रसंग वाचून थांबलोच. पहिल्या प्रश्नाला एक जुनं, पण फार शिकवणारं उदाहरण आहे.

अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या उत्तरेला ॲपलाचियन डोंगरांत रेबन काउंटी आहे. १९६६ साली तिथल्या एका शाळेत इंग्रजीच्या तासाला मुलांचं लक्ष लागत नव्हतं, म्हणून वर्गाने स्वतःचं मासिक काढायचं ठरवलं. मुलं टेपरेकॉर्डर घेऊन आसपासच्या म्हाताऱ्या माणसांकडे गेली. थंडीच्या आधी मांस कसं टिकवायचं, फळं-भाज्या कशा सुकवायच्या, चंद्राच्या कला पाहून पेरणी कशी करायची, ओंडक्यांचं घर कसं रचायचं, हे सगळं त्यांनी त्या माणसांच्याच बोलीत उतरवलं. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या, अंधारात चमकणाऱ्या बुरशीवरून मासिकाचं नाव ठेवलं 'फॉक्सफायर'. पहिला अंक १९६७ चा. १९७२ मध्ये त्यातल्या निवडक लेखांचं पुस्तक आलं आणि लाखोंनी खपलं. त्या उत्पन्नातून डोंगरावर जमीन घेतली गेली, जुनी लाकडी घरं हलवून तिथे संग्रहालय उभं राहिलं, स्थानिक मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या.

पुस्तक किती खपलं याहून मला एक गोष्ट मोठी वाटते. त्या डोंगरी लोकांना बाकीचा देश अडाणी म्हणून हसत असे, चित्रमालिकांतून त्यांची टिंगल व्हायची. आपल्या शेजारच्या आजोबांना जे येतं ते छापण्याजोगं आहे, हे त्या भागातल्या मुलांनी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं. आणि ज्यांनी सांगितलं त्यांना अंक हातात धरता आला. तुमच्या आजीबाई हेच तर मागत होत्या.

सांजसकाळ
+१. वजनकाट्याचा प्रसंग घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

किनारा
दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

मी घरी नाही, मुलं सांभाळणाऱ्या एका संस्थेत वाढले. पाचवी-सहावीत असताना गृहपाठ मिळाला होता, "आजीला विचारून एक जुना पदार्थ लिहून आणा." माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने तिच्या आजीचा पदार्थ लिहिला, मी तिच्या वहीतून उतरवून घेतला आणि आजीला एक नाव दिलं. बाईंनी वर्गात वाचायला सांगितलं. मी वाचला. बाईंनी विचारलं, "आजी अजून करते का गं?" मी हो म्हटलं. त्यानंतर कित्येक दिवस मला भीती वाटायची की कोणीतरी येऊन विचारेल, दाखव तुझी आजी.

बाईंचा हेतू चांगलाच होता. पण खाणं म्हणजे घर आणि घर म्हणजे आजी, हे गृहीत धरून प्रकल्प आखला की काही मुलं पहिल्याच ओळीला बाहेर पडतात. आई-वडील वेगळे झालेली मुलं, घर सोडून आलेली, दत्तक गेलेली, घरात मारहाण असल्यामुळे स्वयंपाकघराची आठवणच नकोशी वाटणारी, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती हात वर करून हे सांगत नाहीत.

अक्षरवेलताई, तुम्ही मुलांना स्वतःच्या घरी न पाठवता वस्तीत पाठवलंत, हे तुमच्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडलं. ते बदलू नका. संस्थेत आमच्यासाठी रांधणाऱ्या मावशींना पन्नास जणांच्या आमटीचं मीठ न चाखता कळायचं. मला कोणी सांगितलं असतं की तू त्यांना विचार, तर माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं.

अक्षरवेल
किनारा, हे लिहिल्याबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. खरं सांगायचं तर वस्तीत पाठवण्यामागे माझा असा विचार नव्हता. घरी पाठवलं की मुलं पालकांकडून लिहून आणतात, एवढंच डोक्यात होतं. आता ते कारण बदललं. आणि संस्था, वसतिगृहं, खानावळी इथे रांधणारी माणसंही यादीत येतील.

मधली सुट्टी
किनारा यांच्या प्रतिसादाला जोडून. मीही शिक्षिका आहे. आमच्या वर्गात दुसऱ्या प्रांतातून आलेला एक मुलगा डब्याचं झाकण उभं धरून, त्याच्या आडून जेवायचा. झाकण डाव्या हातात, घास उजव्या. इतर मुलं वासावरून बोलली होती. पुढे त्याने डबा आणणंच बंद केलं आणि दुपारी पाणी पिऊन बसायला लागला. आम्हा शिक्षकांच्या हे लक्षात यायला फार वेळ लागला. त्याच वर्षी शाळेत 'आपली खाद्यसंस्कृती' असं प्रदर्शन होतं आणि त्याच्या घरचं काहीच त्यात नव्हतं, कारण 'आपली' म्हणजे कोणाची हे आधीच ठरलेलं होतं.

म्हणून 'संस्कृती' हा शब्द मी प्रकल्पाच्या शीर्षकातून काढून टाकते. तो शब्द पाहिला की मुलं सणावाराचं, पाहुण्यांपुढे ठेवायचं लिहितात. टंचाईच्या दिवसांत काय खाल्लं, उपाशी झोपलेल्या रात्री आईने काय सांगितलं, हे त्यात येत नाही. पण म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत तेच सगळ्यात ठसठशीत असतं. प्रश्न साधे ठेवा. "काय नव्हतं तेव्हा काय खाल्लं?" असं विचारून बघा.

पिंपळपान
@मधली सुट्टी, शब्द काढून टाकण्याशी सहमत नाही. ज्यांच्या खाण्याला कोणी संस्कृती म्हटलं नाही त्यांना तो शब्द मिळालाच पाहिजे. फक्त पदार्थापाशी थांबू नये. युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त वारशाचा, म्हणजे वास्तूंचा नव्हे तर चालीरीती आणि कौशल्यांचा, करार केला, त्याच्या यादीत खाण्याशी निगडित नोंदी आहेत. दक्षिण कोरियाची २०१३ ची नोंद बघा. नोंद किमची या आंबवलेल्या भाज्यांच्या पदार्थाची नाही, किमजांगची आहे, म्हणजे हिवाळ्याआधी सगळ्यांनी एकत्र येऊन ती घालण्याची आणि वाटून घेण्याची. कुसकुस या रव्याच्या पदार्थाची २०२० ची नोंद अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया यांनी मिळून केली. एकमेकांशी वाद असलेल्या देशांना एका ताटावर एकत्र सही करता आली.

मुलांना हाच फरक शिकवावा. कृती लिहिली की एक कागद मिळतो. कोण बोलावतं, कोण चिरतं, वाटा कोणाकडे जातो आणि कोणाकडे जात नाही, हे लिहिलं की समाज दिसतो. तुमच्या झाकणाआड जेवणाऱ्या मुलाची जागाही त्यातच दिसेल.

मधली सुट्टी
@पिंपळपान, "वाटा कोणाकडे जात नाही" हा प्रश्न घेते. शब्दाबद्दल अजून विचार करते.

ओंजळ
मी समुपदेशक आहे, किशोरवयीन मुलांबरोबर काम करते. तिसऱ्या प्रश्नावर जरा लांब लिहिते.

आकडा द्यायचाच असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ पासूनची पाच प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं उठलो का, रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणलं की शंभरपैकी आकडा येतो. पण दोन इशारे. चोवीस मुलांच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतून प्रकल्पाचा परिणाम सिद्ध होत नाही. मधे परीक्षा येते, कोणाचं प्रेम तुटतं, कोणाच्या घरी आजारपण येतं. दुसरं, एखाद्या मुलाचा आकडा ५० च्या खाली आला तर तो तक्त्यात भरून पुढे जाता येत नाही. त्या मुलाशी बोलणारं कोणीतरी आधीच ठरलेलं हवं. तशी सोय नसेल तर प्रश्नावली देऊच नका.

आता खाण्याचा आणि मनाचा संबंध. खाण्यावरच्या प्रकल्पात लोक हमखास एक चूक करतात, मुलांना आठवडाभर "मी काय खाल्लं" याची नोंद ठेवायला, उष्मांक मोजायला, स्वतःचं वजन लिहायला सांगतात. या वयात जेवणाशी झगडणारी मुलं आपल्याला वाटतं त्याहून जास्त असतात आणि अशी वही त्यांच्या त्रासात भर घालते. तुमच्या विद्यार्थिनीचा काटा पिठाखाली होता, तो तिथेच राहू द्या.

ओळख आणि मनःस्वास्थ्य यावर कॅनडातला एक अभ्यास मी नेहमी आठवते. मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सुमारे २०० मूलनिवासी समुदायांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा १९८७ ते १९९२ या काळासाठी अभ्यास केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही समुदायांत प्रमाण भयंकर होतं, काहींत एकही आत्महत्या नव्हती. त्यांनी सहा गोष्टी तपासल्या : स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, शिक्षण, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक कामासाठी स्वतःची जागा. या सहाही ज्यांच्या हातात होत्या तिथे त्या काळात एकही तरुण आत्महत्येने गेला नाही. यावरून एका गोष्टीमुळेच दुसरी झाली असं म्हणता येत नाही. पण यादी नीट वाचा. तिच्यात मिरवणं नाही, कारभार आहे. म्हणून मी शाळांना म्हणते, मुलांना पारंपरिक पोशाख घालून उभं करण्यापेक्षा प्रकल्पातला एक खरा निर्णय त्यांच्यावर सोपवा.

डोंगरवाट यांनी सांगितलेल्या उदाहरणातली एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथे आलीच पाहिजे. तो उपक्रम सुरू करणाऱ्या शिक्षकाला १९९२ मध्ये एका मुलाच्या लैंगिक शोषणाबद्दल शिक्षा झाली. उपक्रम पुढे त्याच्याशिवाय चालू राहिला. मुलं बाहेर जाणार, अनोळखी घरांत बसणार, एखाद्या शिक्षकाबरोबर जास्त वेळ घालवणार, तर कोणतंही मूल कोणाही मोठ्या माणसाबरोबर एकटं राहणार नाही हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्या. शिक्षकालाही तोच नियम.

डोंगरवाट
ओंजळ, तुमचं बरोबर आहे. हे मी लिहायला हवं होतं. मुलांचं काम मोठं होतं म्हणून ही बाजू झाकली जाता कामा नये.

दोन ओळी
@ओंजळ, "एक खरा निर्णय" यावरून रॉजर हार्ट यांची शिडी आठवली. १९९२ मध्ये युनिसेफसाठी त्यांनी मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत : मुलांचा वापर करून घेणं, सजावट म्हणून उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. फलक मोठ्यांनी ठरवायचा आणि मुलांनी फक्त रंगवायचा, तर आपण तिथेच असतो.

अक्षरवेल, मुलांना प्रश्नावली देण्याऐवजी कॅमेरा देऊन पाहा. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात ग्रामीण बायकांच्या हाती कॅमेरे दिले होते. त्यांनीच फोटो काढायचे, त्यांनीच निवडायचे, त्यांनीच बोलायचं आणि ते अधिकाऱ्यांपुढे मांडायचं. प्रत्येक फोटोला तेच प्रश्न : इथे काय दिसतंय, खरं काय घडतंय, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असं का आहे, आपण काय करू शकतो? दिलेल्या शब्दांत उत्तर देणं ज्या मुलांना जमत नाही, ती फोटोवर भरभरून बोलतात. लोकांचे चेहरे टिपण्याआधी विचारायचं, हे मात्र शिकवावं लागतं.

साठ बाकं
सगळं पटतंय, तरी माझी अडचण मांडतो. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. प्रकल्पाला वर्षातले आठ तास मिळतात. चार दुपारी, परत भेट, फोटो, कॅमेरे, समुपदेशक... मी एकटा आहे. इथले प्रतिसाद वाचून उमेद येते आणि लगेच दडपण येतं.

ओंजळ
साठ बाकं, मग साठ माणसांकडे जाऊ नका. एका माणसाला वर्गात बोलवा. साठ मुलं, एक वडीलधारी व्यक्ती, एक पातेलं. दोन तास ऐकायचं, चार तास लिहायचं, आणि उरलेले दोन तास लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवायला राखून ठेवा. काही कापावं लागलं तर फलक कापा, हे शेवटचे दोन तास नको.

साठ बाकं
हे जमेल. धन्यवाद.

नदीकाठ
परवानगीचा मुद्दा अक्षरवेल यांनी कंसात उरकला, मला तो मोठा वाटतो. कॅनडातल्या मूलनिवासींनी १९९८ मध्ये स्वतःवरच्या संशोधनासाठी चार गोष्टी पुढे ठेवल्या : माहितीची मालकी आमची, तिच्यावर नियंत्रण आमचं, ती बघण्या-वापरण्याचा हक्क आमचा, आणि ती प्रत्यक्ष आमच्या ताब्यात असली पाहिजे. जैवविविधतेवरच्या २०१० च्या नागोया करारातही हीच भूमिका आहे, की लोकांकडचं पारंपरिक ज्ञान घ्यायचं तर आधी समजावून संमती घ्यायची आणि फायद्यात वाटा द्यायचा.

शाळेच्या प्रकल्पाला इतकं कशाला, असं वाटेल. पण मुलगा ध्वनिमुद्रण समाजमाध्यमावर टाकतो, ते पसरतं आणि आजीबाईंच्या घरातली गोष्ट बाजारात जाते. तीन प्रश्न बसल्या जागी विचारा आणि उत्तर त्यांच्याच आवाजात मुद्रित करा. हे कोणाला ऐकवू? नाव घालू का? नंतर नको वाटलं तर कोणाला सांगाल? तिसऱ्या प्रश्नासाठी शाळेतल्या एका माणसाचं नाव आणि क्रमांक कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

अक्षरवेल
सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आहेत. संस्थेला मी आकडे देणार नाही असं कळवलं. त्याऐवजी मुलांनी घेतलेल्या निर्णयांची नोंद देईन. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. एकटं कोणी राहणार नाही, हा नियम पहिल्या तासाला मांडणार आहे. कोणाकडे जायचं ती यादी या वेळी मुलं करतील.

आणि काल ती वही घेऊन आम्ही गेलो. ती मुलगी, तिच्या गटातले दोघे आणि मी. आजीबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मुलीने वाचून दाखवलं. मुठींचे आकडे आले तेव्हा त्या मान डोलवत होत्या. पुढे गेल्यावर त्यांनी एकदम हात वर केला. "मीठ आधी नाही गं. मीठ खाली उतरवल्यावर. आधी टाकलंस तर सगळं पाणी सुटेल."

मुलीने पान उलटून पाहिलं. तिथे 'मीठ आधी' असंच लिहिलं होतं, आणि त्या पानावर मी लाल शाईने दहापैकी दहा दिले होते. तिने ते वाक्य खोडलं, वर आजीबाईंच्या शब्दांत लिहिलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. पुढे आणखी दोन ठिकाणी खाडाखोड झाली. निघताना वही तिथेच ठेवायची असं आम्ही ठरवून गेलो होतो, पण आजीबाई म्हणाल्या, "ही नको, ही फार गिचमिड झाली. नीट लिहून आण, अक्षर मोठं काढ." मुलगी आज शाळेत येताना जाड निबाचं पेन घेऊन आली आहे.